मऊ पोवळं आणि बाभळीची राख

परळीत मला ‘पोवळ्याच्या मॅडम’ म्हणतात. सगळी नोकरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, पण ‘केमिस्ट्रीच्या मॅडम’ मी कधी झालेच नाही. जपानच्या समुद्रातल्या पोवळ्यांवर काम करून आलेली बाई म्हटल्यावर लोक त्याचा एकच अर्थ काढतात, की हिला खरं पोवळं कोणतं आणि खोटं कोणतं ते कळतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माझ्या दारात माणसं अंगठ्या घेऊन येतात. कुणाला मंगळ आडवा आलेला असतो, कुणाला सोनाराचा संशय असतो. मी बौद्ध घरातली, मंगळाशी माझं काही देणंघेणं नाही, पण दारात आलेल्या माणसाला चहा न पाजता वाटेला लावणं मला जमत नाही.

मागच्या महिन्यात फळांचा गाडा लावणारे हमीदचाचा आले. हातरुमालात गुंडाळलेली अंगठी त्यांनी टेबलावर ठेवली.

“मॅडम, हे मरजान, म्हंजी पोवळं, जपानचं हाय म्हणून दिलंय मला. लेकीला द्यायचंय. खरं हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, “तपासलं तर मागच्या बाजूला डाग पडेल, चाचा.”

“पडू द्या. लेकीला खोटं देनार न्हाई.”

मी लिंबाचा एक थेंब खड्याच्या पाठीवर टाकला आणि भिंग धरलं. बारीक बुडबुडे आले. हे पोवळं म्हणजे मुळात समुद्रातल्या इवल्या जिवांनी बांधलेला चुना. त्याला आंबट लागलं की ते फसफसतं. काच किंवा प्लास्टिक असतं तर ढिम्म राहिलं असतं. “चुन्याचं आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगते,” मी म्हटलं, “पण जपानचं की दुसरीकडचं, ते लिंबाला कळत नाही.” चाचांना तेवढंही पुष्कळ झालं. दुसऱ्या दिवशी घरी पिशवीभर सीताफळं आली.

खरी गंमत अशी, की अंगठीतल्या पोवळ्यावर मी एक दिवसही काम केलेलं नाही. माझी पोवळी मऊ होती. ओल्या चामड्यासारखी लिबलिबीत, मातकट रंगाची. बघून कुणी हातात घेणार नाही, मग बोटात घालणं तर दूरच. या मऊ पोवळ्यांच्या अंगावर चुन्याचं चिलखत नसतं, पळून जायला पाय नसतात. माशाने येऊन सरळ लचका तोडावा अशी त्यांची अवस्था. पण मासे तोडत नाहीत, कारण ही मंडळी आपल्या शरीरात कडू, जहाल, नाना तऱ्हेची रसायनं तयार करून ठेवतात. ती रसायनं वेगळी काढायची आणि त्यांची रचना शोधायची, हे आमचं काम. “त्यातून औषध निघतं का?” असं मला परळीत सगळे विचारतात. बहुतेकांतून निघत नाही. क्वचित एखाद्यातून निघण्याची आशा असते, आणि त्या आशेवर माणसं आयुष्य काढतात.

मी पंचेचाळीस ओलांडल्यावर दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर जपानला गेले. जपानच्या अगदी दक्षिण टोकाला ओकिनावा नावाचं बेट आहे, तिथल्या प्रयोगशाळेत. तोवर मी समुद्र पाहिला होता तो एकदाच, तोही लांबून. वडील परळीच्या थर्मल वीजकेंद्रात राखेच्या विभागात कामाला होते. ते मला गाडीत बसवून द्यायला म्हणून निघाले आणि मांजरसुंब्यापर्यंत सोबत आले. तिथल्या धाब्यावर चहा पिताना एवढंच म्हणाले, “पान्यात उतरू नगं. ते तुजं काम न्हाई.” मी उतरले नाही. पोवळं आणायला पाणबुडे होते. ते परवानगीपुरता लहानसा तुकडा कापून आणायचे आणि मी किनाऱ्यावर बर्फाची पेटी घेऊन उभी असायचे.

तिथल्या आमच्या प्राध्यापकांना सगळे ‘सेन्सेई’ म्हणत, म्हणजे गुरुजी. साठीच्या आतबाहेरचा, किडकिडीत, अतिशय मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक टेबल, एक कपाट आणि पिशवीभर पोवळं दिलं. काम सांगायला सोपं आहे. पोवळं कात्रीने कापायचं, अल्कोहोलमध्ये भिजत घालायचं, की त्यातली रसायनं अल्कोहोलमध्ये उतरतात. मग तो काळपट अर्क, पांढरी भुकटी भरलेल्या उभ्या काचेच्या नळीतून हळूहळू खाली सोडायचा. प्रत्येक रसायन आपापल्या वेगाने खाली येतं. ते थेंबाथेंबाने वेगवेगळ्या कुप्यांत धरायचं. पिशवीभर पोवळ्यातून शेवटी हातात येतं ते मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी.

आता भांड्यांची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

प्रयोगशाळेत भांडी धुवायला ॲसिडचं द्रावण असे, त्याने माझ्या हातांवर पुरळ उठलं. हातमोजे घातले तर आणखीच. बोटं सुजून केळ्यांसारखी झाली. तक्रार करायची लाज वाटत होती. एवढ्या लांबून आलेली बाई आणि भांडी धुवायला कुरकुरते, असं कुणी म्हणायला नको. राहत्या खोलीजवळ एका म्हाताऱ्या बाईंचं शेवयांचं दुकान होतं. त्या बेटावर शेवया मळताना लाकडाच्या राखेचं निवळ पाणी घालायची जुनी पद्धत आहे, आणि त्या बाई ती पाळत होत्या. दुकानामागे राखेचा डबा भरलेला दिसला तेव्हा मला एकदम माहेरची मोरी आठवली. आमची आई जन्मभर राखेनेच भांडी घासत आली. तेही बाभळीच्या राखेने. थर्मलची राख गावभर उडायची, वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची, पण आईने तिला कधी भांड्याला लावून घेतलं नाही. “ती मेलेली राख हाय,” म्हणायची.

मी त्या दुकानदार बाईंना डब्याकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, “हाय.”

मी म्हटलं, हाय ते दिसतंय, पण काय हाय?

त्या पुन्हा म्हणाल्या, “हाय.” अशी आमची बरीच हायहाय झाल्यावर मला उलगडा झाला. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’, हे मला ठाऊक होतं. पण राखेलाही ‘हाय’च म्हणतात, हे नव्हतं. परळीच्या बाईला ‘राख हाय’ एवढं कळायला इतकी खटपट पडेल, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. बाईंनी मला पिशवी भरून दिली आणि वर जेवायला बसवलं.

तेव्हापासून माझ्या कुप्या, चंबू, नळ्या, सगळं मी राखेने घासू लागले. सकाळी लवकर जायचं, कुणी यायच्या आत कोपऱ्यातल्या बेसिनपाशी उरकून घ्यायचं. भांडी लखलखीत निघायची, हात बरे झाले. कुणाला कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या एका कुपीत असं रसायन निघालं, की सेन्सेईंनी रचना वाचायच्या यंत्रावर काढलेला त्याचा आलेख तीनदा उलटसुलट करून पाहिला. अर्कातला नववा भाग म्हणून आम्ही त्याला ‘नऊ नंबर’ म्हणत होतो. चौदा कार्बनांचं एक कडं, आणि त्या कड्यावर एका ठिकाणी ऑक्सिजनचा ताणून बसवलेला त्रिकोण. कडं जुनंच, ओळखीचं. पण त्रिकोण त्या जागी कुणीच पाहिला नव्हता. सेन्सेई आलेख खाली ठेवून म्हणाले, “साळवे-सान, हे नवीन आहे.” त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे आमच्याकडे हत्तीवरून साखर वाटण्यासारखं होतं. मी त्या संध्याकाळी परळीला फोन केला आणि वडिलांना अर्धा तास चौदा कार्बनांचं कडं समजावून सांगितलं. ते शेवटी म्हणाले, “म्हंजी बांगडी हाय का?” मी म्हटलं, “हाय.”

शोधनिबंध लिहिताना सेन्सेईंची शिस्त अशी, की केलेलं सगळं लिहायचं. गाळणकागद कोणता, पाणी किती अंशांवर होतं, सगळं. भांडी कशी धुतली, या ओळीपाशी माझं पेन थांबलं. एम.एस्सी.ला असताना मी एकदा सहज म्हणाले होते, की आमच्याकडे राखेने काच चांगली निघते. तेव्हा सरांनी भर वर्गात सुनावलं होतं, “ही प्रयोगशाळा आहे, तुमच्या घरची मोरी नाही.” वर्ग हसला होता. ते हसू इतक्या वर्षांनी, इतके समुद्र ओलांडून माझ्या कानात वाजलं. मी लिहिलं, “काचेची भांडी नेहमीच्या पद्धतीने धुतली.” एक ओळ. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं पाप तेवढंच, आणि मी ते पूर्ण शुद्धीत केलं.

निबंध छापून आला. पहिलं नाव माझं होतं. परळीत सत्कार झाला, हार झाले, भाषणं झाली. मीही थोडी चढलेच. कॉलेजात परतल्यावर ‘जपानची शिस्त’ आणायची म्हणून प्रयोगशाळेच्या भिंतीवर बोर्ड लावला, की यापुढे सर्व भांडी फक्त ॲसिडने धुवायची. राखेने काम करून आलेल्या बाईने असा बोर्ड लावावा, हे आज मला नवलाचं वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

आमच्याकडे भांडी धुवायला कडूबाई होत्या. सिरसाळ्याच्या. रोज तिथून जीपने येणार, साडीचा पदर खोचणार आणि कुणाला न विचारता कामाला लागणार. मास्तरमंडळी त्यांना जरा दबून असत. त्यांनी बोर्ड वाचून घेतला आणि म्हणाल्या, “ॲसिड तर ॲसिड. पर माजी साडी जळली तर तुमी देनार का?” मी त्यांना जाड रबरी एप्रन आणून दिला. त्यानंतर दीड-दोन वर्षं त्यांनी बोर्डाप्रमाणे इमाने काम केलं.

आणि मग सेन्सेईंचं पत्र आलं.

युरोपातल्या एका प्रयोगशाळेने त्याच जातीच्या पोवळ्यावर काम केलं होतं. तिथल्या प्राध्यापकांना नऊ नंबर सापडला नाही. सापडलं ते दुसरंच काहीतरी. कडं तेच, पण त्रिकोण नाही, त्याच्या जागी ऑक्सिजनचा आडवा पूल. त्यांनी छापलं, की आमची रचना चूक आहे, आम्ही आलेख चुकीचा वाचला. सेन्सेईंनी आपल्या विद्यार्थ्यांकडून तेच पोवळं पुन्हा काढून पाहिलं. त्यांनाही त्रिकोण मिळाला नाही. पत्रात एकही कडू शब्द नव्हता. शेवटी एवढंच होतं, की मी पुढच्या वसंतात निवृत्त होतो आहे. त्याआधी हे सिद्ध तरी करू, नाहीतर निबंध आपल्या हाताने मागे घेऊ. तुमच्याकडे मूळ नमुना असेल तर पाहा.

निबंध मागे घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. चूक सगळ्यांची होते. पण ज्याचा निबंध मागे घेतला जातो, त्याने दाखवलेली वस्तू मुळात नव्हतीच, असा त्याचा अर्थ होतो. माझ्यावर खोटेपणाचा शिक्का बसणार होता, आणि माझ्यापायी एका सरळ माणसाची चाळीस वर्षांची कारकीर्द त्या शिक्क्यानिशी संपणार होती. मला जेवण जाईना. वर्गात मुलांना शिकवताना वाटायचं, मी फळ्यावर लिहिते ते तरी खरं आहे का?

नमुना माझ्याकडे होता. ओकिनावाहून निघताना सेन्सेईंनी आठवण म्हणून दिलेली माझ्याच हातची झाकणबंद कुपी, कॉलेजच्या फ्रीजरमध्ये. पण रचना वाचायचं मोठं यंत्र परळीत कुठून येणार? माझ्याकडे होत्या फक्त पट्ट्या. काचेच्या लहान पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर असतो. खाली रसायनाचा बारीक ठिपका द्यायचा आणि पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, ठिपक्याला सोबत नेतं. मग आयोडीनच्या बरणीत धरली, की ठिपका तपकिरी होऊन दिसतो. एक रसायन असेल तर एक ठिपका, दोन असतील तर दोन. शाळेत खडूवर शाई चढवतात, त्याचीच ही थोरली बहीण.

मी कुपीतून कणभर नमुना काढला, परीक्षानळीत विरघळवला, दोन दिवस ठेवला आणि पट्टी चढवली. दोन ठिपके. पुन्हा केलं, पुन्हा दोन. आठवडाभर केलं. कधी दुसरा ठिपका फिका, कधी गडद, पण होताच. म्हणजे माझी वस्तू शुद्ध नव्हतीच, किंवा माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती. युरोपातले लोक बरोबर होते. मी सेन्सेईंना पत्र लिहायला बसले: निबंध मागे घ्यावा, जबाबदारी माझी. पत्र लिहून झालं. तरी म्हटलं, शेवटचं एकदा करून पाहू, उद्या पाठवू.

सकाळी नळ्या घेतल्या, नमुना घातला. दोन दिवसांनी पट्टी बरणीतून काढली आणि बघतच राहिले. एकच ठिपका.

दुसऱ्या नळीतून घेतलं. एकच.

मी कडूबाईंना हाक मारली. “या नळ्या कुणी धुतल्या?”

“मीच की.”

“कशाने?”

कडूबाईंनी पदराचं टोक हातात धरलं. “ॲसिड संपलंय मॅडम. मागनी करून पंधरा दिस झाले. तुमी म्हनला सकाळी नळ्या पायजेत. मग घरून राख आनली.”

“बोर्ड वाचला नाही का तुम्ही?”

“बोर्ड हाय की. ॲसिड न्हाई.”

“कसली राख?” मी एकदम पुढे होऊन विचारलं. त्यांना वाटलं मी रागावले.

“कसली म्हंजी? बाभळीची. बंबातली. थर्मलची आनीन का?” आणि मग जरा घुश्शात म्हणाल्या, “लई चकाचक निघल्यात. बगा तरी आधी.”

मी स्टुलावर बसले. सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. ॲसिडने धुतलेली काच कितीही खंगाळली तरी तिच्या अंगाला आंबटपणाचा लवलेश राहतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण नऊ नंबरचा तो त्रिकोण ताणून बसवलेला. त्याला तेवढाही आंबटपणा सोसत नाही. तो मोडतो आणि त्याचा पूल होतो. नळीतल्या भुकटीतून रसायन काही तासांत निघून जातं, तिथे निभावतं; पण कुप्यांत ते दिवसचे दिवस पडून असतं. राख क्षारी, आंबटाच्या उलट अंगाची. राखेने घासलेल्या काचेत त्रिकोण शाबूत राहतो. ओकिनावात मी एकटी राख वापरत होते, म्हणून मला एकटीलाच तो दिसला. आणि हे जगात कुणालाच कळू शकत नव्हतं, कारण मी लिहिलं होतं, ‘नेहमीच्या पद्धतीने’.

पण कळलं म्हणून सिद्ध होत नाही. माणसाला हवं ते दिसतं, हे मी मुलांना शिकवत आलेले. म्हणून कडूबाईंना सांगितलं, कपाटात मागे ठेवणीतल्या, आधी ॲसिडने धुतलेल्या नळ्या आहेत, त्यातल्या चार घ्या, राखेच्या चार घ्या. बुडाला खुणा करा, मला दाखवू नका, सगळ्या मिसळून द्या. कडूबाईंनी दार लावून घेतलं आणि आतून कडीही घातली. आठही नळ्यांत मी नमुना घातला. दोन दिवस दोघींपैकी कुणी त्याबद्दल अक्षर बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आठ पट्ट्या ओळीने मांडल्या.

“पहिली राख,” मी म्हटलं.

कडूबाईंनी नळी उलटी करून बुड पाहिलं. “बरूबर.”

“दुसरी ॲसिड. तिसरी ॲसिड. चौथी राख.”

“बरूबर. बरूबर. बरूबर.”

आठपैकी आठ. शेवटची नळी हातात धरून कडूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “मॅडम, तुमाला कुनी सांगितलं तर न्हाई?” मी म्हटलं, नऊ नंबरने सांगितलं.

सेन्सेईंना मी त्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावला. इतकी घाई झाली होती, की इंग्रजी सुचेना आणि जपानी येईना. मी नुसतं “सेन्सेई, हाय! हाय!” करत राहिले. ते शांतपणे म्हणाले, “हो, हो. पण कशाला हो?” मी म्हटलं, “तो ‘हाय’ नाही! शेवयांमधला हाय!” त्यांनी चष्मा काढला. मग मी सावकाश सगळं सांगितलं, आठ पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरल्या.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवून एकेक पट्टी पाहिली. मग म्हणाले, “राख वापरली, हे तुम्ही लिहिलं नव्हतं.”

“नाही.”

“का?”

“लाज वाटली.”

जपानी माणूस मोठ्याने हसत नाही, असा माझा समज होता. तो त्या दिवशी गेला. हसू ओसरल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “माझ्या प्रयोगशाळेत तुम्हाला लाज वाटली, ही माझीही चूक.” मला हे अपेक्षितच नव्हतं.

दोन आठवड्यांत त्यांनी दुकानातल्या बाईंकडून राख आणून काम पुन्हा केलं. त्रिकोण मिळाला. मग त्यांनी युरोपातल्या प्राध्यापकांना कळवलं. ते गृहस्थ सरळ पण चिवट. ओकिनावाची प्रयोगशाळा स्वतःच्याच निबंधाची पाठराखण करणार, तेव्हा मी माझ्या हाताने करून पाहीन, म्हणाले. आणि राख परळीचीच पाठवा, म्हणजे नंतर कुणाला बोलायला जागा नको. कडूबाईंनी दोनदा चाळून, डबा भरून राख आणली. आम्ही दोघी पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसाने आत काय आहे ते वाचलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कुनाची हाय?” त्याचा चेहरा सुतकी झाला होता. कडूबाई म्हणाल्या, “कुनाची म्हंजी? माज्या बंबाची. लवकर जाऊ द्या, साहेब वाट बगतोय.”

पुढचे दीड महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सेन्सेईंच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. एका दुपारी त्यांचा निरोप आला, की ते प्राध्यापक आम्हां दोघांशी एकदम बोलणार आहेत. मी प्रयोगशाळेतच संगणक लावला. कडूबाई निघाल्या होत्या, त्यांना म्हटलं थांबा. त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या, एप्रन तसाच.

पडद्यावर एका बाजूला सेन्सेई, दुसऱ्या बाजूला ते प्राध्यापक. पांढरी दाढी, गंभीर चेहरा. प्रस्तावना काही नाही. त्यांनी एक पट्टी उचलून कॅमेऱ्याजवळ धरली. आधी ती अंधुक दिसली. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता. कडूबाई माझ्या खांद्यावरून पुढे वाकल्या, एकदा खालून वर पट्टी बघितली आणि म्हणाल्या, “एकच हाय.”

मग प्राध्यापक बोलले. त्यांनी मोठ्या यंत्रावरही तपासलं होतं. त्रिकोण होता, त्याच जागी होता. “तुमची रचना बरोबर आहे,” ते म्हणाले. “आम्ही ज्याला चूक म्हटलं ती आमच्या भांड्यांची करणी होती. हे आम्ही स्वतः लिहून छापू.” सेन्सेई खुर्चीतून उठले आणि कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकून उभे राहिले. ते माझ्यासमोर वाकले होते की त्या प्राध्यापकांसमोर, की नऊ नंबरसमोर, ते कळलं नाही. मीही उठून हात जोडले आणि मग मला रडू आवरेना. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं, हुंदके देऊन.

कडूबाई घाबरल्या. “काय म्हनला त्यो? खोटं म्हनला का?”

“नाही. बरोबर म्हणाला. आपलं बरोबर म्हणाला.”

“मग रडता कावून?” असं म्हणून त्यांनी मला तसंच स्टुलावर बसवलं, दार उघडलं आणि व्हरांड्यात गेल्या. तास चालू होते. त्या व्हरांड्यात कडूबाईंनी इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्यांनी असा काही चढवला, की दोन्ही बाजूंच्या वर्गांची दारं उघडली.

“खरं निघालं! ओ सर, ओ मास्तर, खरं निघालं!”

प्राचार्य हातातली फाइल तशीच घेऊन धावत बाहेर आले. “अहो कडूबाई, ओरडता काय? काय खरं निघालं?”

“आमच्या मॅडम,” कडूबाई म्हणाल्या.